सक्तीचे शिक्षण आणि मजुराचे मूल

प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराविषयी बोलू लागले म्हणजे बहुधा आधी आकडे पुढे केले जातात. 1901 साली हिंदुस्थानात शंभरांत पाच-सव्वापाच माणसे साक्षर होती, 1951 साली ती अठरा झाली आणि 2011 च्या शिरगणतीत ही संख्या त्र्याहत्तरच्या आसपास गेली. आपला भंडारा जिल्हा तर ऐंशीच्याही पुढे आहे. हे आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण शिरगणतीत साक्षर कोणास म्हणतात हे ध्यानात ठेवले पाहिजे. सात वर्षांवरील ज्याला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते तो साक्षर, आणि ते येते की नाही हे दारात उभ्या असलेल्या गणकाला घरातील माणूस तोंडी सांगतो. पाटी-पेन्सिल पुढे करून कोणी परीक्षा घेत नाही. तेव्हा आकड्यांना नमस्कार करून आपण त्यांच्या मागे काय घडले तिकडे वळू.

सरकारने सर्वांना शिकवावे ही मागणी सरकारच्या डोक्यातून निघालेली नाही. 1882 साली हंटर शिक्षण कमिशन आले, त्याच्यापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यातील विचार आजही जुना वाटत नाही. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण काही प्रमाणात तरी सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराची मूठ वा सुताराचे वाकस धरण्याची ज्याला लाज वाटत नाही असा मास्तर असावा आणि त्याला पोटापुरता पगार द्यावा, असे त्यांनी मांडले. मास्तराच्या पगाराचा विचार करणारा शिक्षणसुधारक त्या काळात विरळाच. आम्हां मजूर चळवळीतील माणसांना म्हणून ते निवेदन आपलेच वाटते.

त्यानंतर नामदार गोखल्यांनी 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. ते फार मवाळ होते. स्थानिक संस्थांना इच्छा असल्यास त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती करावी, एवढीच मुभा त्यात होती. तरीही 1912 च्या मार्चमध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते पडले. सरकार म्हणे पैसा नाही, आणि जमीनदार म्हणत की कुळांची पोरे शाळेत बसली तर शेतीवर राबणार कोण? हा दुसरा आक्षेप निदान प्रामाणिक होता. ज्यांच्या तोंडून तो निघाला त्यांना शिक्षणाचा खरा प्रश्न कळला होता असेच म्हटले पाहिजे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्ती सुरू करून 1906 साली ती सबंध संस्थानात नेली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1917 साली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला. संस्थानिकाला जे जमले ते साम्राज्याला का जमू नये, हा प्रश्न तेव्हाही लोक विचारीत होते.

आपला जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात, नागपूर विभागात होता. 1920 साली प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि गोखल्यांच्या बिलातली मुभा इकडेही आली. परंतु मुभा आणि पैसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डिस्ट्रिक्ट कौन्सिलांच्या हाती अधिकार आले, पण थैली रिकामीच राहिली.

1929 साली हार्टॉग समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात एक हिशेब आहे, तो जरा थांबून पाहण्याजोगा आहे. 1922-23 साली पहिल्या वर्गात असलेल्या दर शंभर मुलांपैकी 1925-26 साली चौथ्या वर्गात पोहोचली अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी एक तर त्याच वर्गात बसून राहिली किंवा घरी गेली. समितीने याला अपव्यय म्हटले, आणि नव्या शाळा काढण्याऐवजी आहेत त्या सुधारा असा सल्ला दिला. सल्ल्याचा अर्थ असा निघाला की गळतीचा दोष शाळेचा आणि तो शाळेतच दुरुस्त करावयाचा. आमचा याला आक्षेप आहे. मूल सहा वर्षांचे असते तेव्हा घरात त्याचा उपयोग नसतो. आठ-नऊ वर्षांचे झाले की ते गुरे राखते, धाकट्याला कडेवर घेते, रोवणीच्या दिवसांत पेंढ्या उचलून देते. मूल शाळा सोडते ते नेमके याच वयात. त्या अठरांच्या आकड्यात मास्तराची हयगय कितीशी असेल ती असो, घरची गरज त्याहून पुष्कळच मोठी होती.

1937 साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे मांडली. हल्ली ती कोणाच्या स्मरणात नाही, पण विचार करण्याजोगी होती. सरकारजवळ पैसा नाही हे शुक्लांनी मान्य करून टाकले. मग त्यांनी असे सुचविले की गावोगाव शाळेसाठी जमिनीचे दान घ्यावे, त्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळा चालावी आणि गुरुजींचे वेतन निघावे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली होती आणि गांधीजींची मूलोद्योग शिक्षणाची कल्पना झाकीर हुसेन समितीकडे गेली होती. विद्यामंदिरांनी त्या कल्पनेशी आपली सांगड घातली. पुढल्या वर्षी वर्ध्याला शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. योजनेच्या नावातील 'मंदिर' या शब्दावर मुसलमान समाजातून जोराचा आक्षेप आला. शाळेच्या पाटीवरून भांडण होते आणि वर्गातील गळतीवरून होत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. 1939 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

पण मंत्रिमंडळ टिकले असते तरी काय झाले असते? आमचा अंदाज असा. आपल्याकडे तेव्हा मालगुजारी होती, ती 1951 साली संपली. गावची बरी जमीन मालगुजाराची, तलाव मालगुजाराचा. शाळेला जमीन मिळणार ती त्याच्या मर्जीने, आणि दान म्हणून माणूस ओलिताचा तुकडा सहसा देत नाही. धानाचे पीक पावसावर आणि तलावावर अवलंबून. तलावाची पाळ फुटली की त्या वर्षी गुरुजींचा पगारही वाहून गेला असे समजावे. शिवाय मालगुजाराच्या दानावर जगणारा गुरुजी मालगुजाराच्या गड्याचे मूल शाळेत ओढून आणील, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. शाळेचा खर्च सर्वांच्या करातून झाला पाहिजे, दात्याच्या औदार्यातून नव्हे, हे विद्यामंदिरांनी आपल्याला उलट्या बाजूने शिकविले. शुक्लांचा हेतू चांगला होता यात मात्र आम्हाला शंका नाही.

स्वराज्यात घटनेच्या 45 व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील असे म्हटले. मुदत 1960 साली भरली. त्या आधी 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण मुंबई राज्यात आलो होतो, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आलो, आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जनपद सभांच्या शाळा परिषदेकडे गेल्या. शाळा वाढल्या त्या खऱ्या अर्थाने या काळात. खाजगी प्रयत्नही झाले. गोंदियाचे मनोहरभाई पटेल यांनी 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि खेड्यांतील मुलांना हायस्कूल दिसू लागले.

प्रौढांसाठी 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर इतर जिल्ह्यांत गेली. शाळामास्तर आणि शिकलेली पोरे रात्री कंदिलाच्या उजेडात बायाबापड्यांना शिकवीत, सारा गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ होई. गावाने गावाला शिकवावे ही कल्पना मोठी होती. समारंभ झाला की मात्र कंदील घरी जाई. वाचायला पुस्तक नाही, लिहायला कारण नाही, मग आलेली अक्षरे दोन-तीन वर्षांत पुसली गेली तर दोष कोणाचा?

आता आमच्या नेहमीच्या विषयाकडे येतो. आपल्या जिल्ह्यात तेंदूपत्ता आहे, म्हणून विडी आली. विडीच्या कारखान्यांत लहान मुले राबतात याची नोंद 1931 साली रॉयल लेबर कमिशनने केली. 1937 साली मध्यप्रांताने अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला तो विडीसारख्या धंद्यांसाठीच. 1938 साली मुलांच्या नोकरीविषयीचा अखिल भारतीय कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात विडी आली. 1966 साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. कारखान्यातून मूल बाहेर काढण्याचे काम या कायद्यांनी केले यात वाद नाही. मग मूल गेले कुठे? कारखानाच घरी गेला! पत्ता आणि तंबाखू सट्टेदाराकडून आणावयाची, ओट्यावर सूप घेऊन बसावयाचे आणि हजारावर मजुरी घ्यावयाची. घरातील माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला 1938 च्या कायद्यात सूट होती, 1986 च्या बालमजुरी कायद्यातही ती राहिली. आईच्या शेजारी बसून पाने कापणारी नऊ वर्षांची मुलगी कायद्याच्या डोळ्यांना मजूर दिसतच नव्हती. शाळेच्या पटावर तिचे नाव होते, हजेरीही कधी कधी लागत होती. 2016 साली कायदा बदलला, तेव्हाही शाळेच्या वेळेनंतर घरच्या कामात मदत करण्यास वाट ठेवलीच. ती फक्त धोक्याच्या धंद्यांना लागू नाही.

म्हणून आम्ही नेहमी असे म्हणत आलो की शिक्षणाचा कायदा आणि मजुरीचा कायदा एकाच टेबलावर ठेवून वाचले पाहिजेत. हजारी दर वाढला की मुलगी शाळेत टिकते, हे आम्ही घराघरांत पाहिले आहे. आईच्या एकटीच्या हाताने घर भागले, तर मुलीच्या हाताची गरज राहत नाही.

आम्ही विडी कामगार बायांचे संध्याकाळचे वर्ग घेत असू, तेव्हाची एक गोष्ट सांगतो. आम्ही मुळाक्षरांचा तक्ता घेऊन गेलो. बाया म्हणाल्या, "भाऊ, अक्षरं राहू द्या, आधी आकडे शिकवा." कारण रोज संध्याकाळी माल मोजून घेताना काही विड्या छाट म्हणून बाजूला काढीत आणि पुस्तकात उरलेल्यांचा आकडा लिहीत. बाईने हजार दिल्या, पुस्तकात आठशे लिहिले, तिने अंगठा केला. छाट बाजूला पडे, ती परत मिळत नसे. दीड-दोन महिन्यांत बाया हजारापर्यंत आकडे वाचू लागल्या. मग एकीने आकडा वाचून अंगठा करायला नकार दिला. सट्टेदार रागावला, दोन दिवस तिला पत्ता दिला नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाकीच्या बायांनीही पत्ता उचलला नाही. त्यानंतर छाट मोजून पुस्तकात लिहिली जाऊ लागली. भविष्यनिर्वाह निधीच्या वेळी तर आणखी निराळी अडचण आली: कार्डावर नाव एक, दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. ज्या बाईला आपले नाव वाचता येत होते तिने ती चूक विशीत पकडली. बाकीच्यांना ती साठीत, पैसे मागायला गेल्यावर कळली.

1976 च्या विडी कामगार कल्याणाच्या कायद्यांनी विडीवर उपकर बसला आणि त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. मजूर आणि शाळा यांना एका धाग्यात बांधणारी सरकारची ही एक चांगली योजना म्हणावी लागेल. 2017 साली नव्या करपद्धतीबरोबर तो उपकर गेला. स्वतःचा झरा गेला की निधी दर साली अंदाजपत्रकाच्या दयेवर येतो. विडीचा धंदाही आता आटला आहे आणि बाया इतर कामांकडे वळल्या आहेत.

1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन निघाले, 1990 साली केरळातील एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर जाहीर झाला. आपल्याकडे 2022 पासून 'उल्लास' कार्यक्रम आहे. 2023 साली त्याच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला. अशैक्षणिक कामांनी मास्तर आधीच वाकलेला आहे, हे त्यांचे म्हणणे रास्त होते.

मुलांच्या बाजूने सर्वांत मोठे पाऊल म्हणजे 2009 चा हक्काचा कायदा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, साठांपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक असावेत, असे नियम झाले. गोखल्यांच्या बिलानंतर शंभर वर्षांनी मुभेचा हक्क झाला. आणि तो लागू होऊन आठ वर्षे झाली नाहीत तोच, 2017 च्या डिसेंबरात, दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करून त्यांतील मुले जवळच्या शाळांत हलविण्याचा निर्णय राज्याने घेतला. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेची कल्पना आली. मुले फार थोडी असली तर शिकणे नीट होत नाही, एवढे आम्ही मान्य करतो. पण अकरा मुलांची शाळा तीन किलोमीटरवर गेली तर अकराच्या अकरा तिथे पोहोचतील काय? वाटेत नाला असेल, रानडुकरे असतील, आपल्या लाखनीसारख्या ठिकाणी तर भरधाव गाड्यांचा राष्ट्रीय महामार्ग असेल. मुलगे सायकलीने जातील. मुलीबद्दल आई विचार करील, आणि धाकट्याला सांभाळायला घरी कोणीतरी हवेच असते. 2011 साली जिल्ह्यात पुरुष आणि स्त्रिया यांच्या साक्षरतेत दहा टक्क्यांहून अधिक अंतर होते, ते कोणत्या गावांत आणि कोणत्या घरांत साठले होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा असते. बहुतेक ठिकाणी ती झेंडावंदनानंतर दहा मिनिटांत आटोपते. त्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी शाळेचे पटाचे रजिस्टर मागून घ्यावे, पटावरील प्रत्येक मुलाच्या घरापासून पुढल्या शाळेचे अंतर आणि वाटेतील रस्ता-नाला लिहून काढावा, आणि त्याचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावा. ठरावावर सह्या घेताना अंगठ्यांसाठी शाईची पेटी बरोबर न्यावी. ती अजून लागते.