सायक्लोक्रॉस सायकल : शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर

चिखल, वाळू, ओले गवत, पायऱ्या आणि फळ्यांचे अडथळे असलेल्या दोन-तीन किलोमीटरच्या मार्गावर तासभर फेऱ्या मारायच्या, अशी सायक्लोक्रॉसची शर्यत असते. या शर्यतीच्या सायकलीवर गिअर बदलण्यासाठी शिफ्टर आणि ब्रेक दाबण्यासाठी लिव्हर असतात. ही साधने बहुधा एकाच मुठीत बसवलेली असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये जन्मलेल्या या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. आज तो सर्वांत जोमाने बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये खेळला जातो. हंगाम शरद ऋतूपासून थंडीअखेरपर्यंतचा. सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वळलेल्या हँडलची. मात्र टायर खाचांचे आणि नियमानुसार जास्तीत जास्त ३३ मिमी रुंद.

लिव्हर निवडताना बहुतेक जण गिअर किती, वजन किती, किंमत किती असे प्रश्न आधी विचारतात. खरे तर सुरुवात दोन गोष्टींपासून करावी : चाकाशी ब्रेक कोणता आहे, आणि स्वार सायकलीवरून उतरतो तेव्हा त्याचे हात कुठे असतात.

ब्रेक आणि केबलची ओढ. लिव्हर दाबल्यावर केबल किती ओढली जाते हे प्रत्येक लिव्हरच्या रचनेत ठरलेले असते. वळलेल्या हँडलचे नेहमीचे लिव्हर केबल थोडी ओढतात. या खेळात वर्षानुवर्षे वापरलेले कँटिलिव्हर ब्रेक अशाच ओढीवर चालतात. त्यांचे बाहू बाजूंना फाकलेले असतात, त्यामुळे रिम आणि रबर यांच्यामध्ये चिखलाला वाट राहते. सपाट हँडलच्या सायकलींवरील व्ही-ब्रेकला मात्र जवळपास दुप्पट ओढ लागते. नेहमीच्या लिव्हरला व्ही-ब्रेक जोडला तर रबर रिमला जवळजवळ चिकटवून ठेवावे लागते. पहिल्याच फेरीत तिथे चिखल साचतो आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो. उलट चूक केली, म्हणजे जास्त ओढीचा लिव्हर कँटिलिव्हरला लावला, तर तो हाताला दगडासारखा कडक लागतो आणि सायकल थांबत नाही. कडक लागतो म्हणून ब्रेक चांगला, हा गैरसमज इथेच जन्मतो. ८० ते ९० मिमी बाहूंचे आखूड व्ही-ब्रेक हा मधला मार्ग आहे. ते नेहमीच्या लिव्हरवर चालतात आणि जोरही देतात, पण रिमपाशी जागा कमी सोडतात. केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकच्या बाबतीतही हेच पाहावे लागते : बीबी७ हा प्रसिद्ध कॅलिपर रोड आणि माउंटन अशा दोन वेगळ्या आवृत्त्यांत मिळत असे. जुना माल घेताना त्यावर रोड लिहिले आहे की माउंटन, हे वाचायला विसरू नये.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१० साली या शर्यतींत डिस्क ब्रेकला परवानगी दिली. तरी अव्वल बेल्जियन स्वार पुढची काही वर्षे कँटिलिव्हरलाच धरून होते. वजन आणि साठवलेल्या चाकांचे जोड ही त्यामागची कारणे होती. आज नव्या सायकलीवर बहुधा हायड्रॉलिक डिस्कच असतो. त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य आक्रसले आहे, कारण लिव्हरमध्येच तेलाची टाकी असते. शिमानोची यंत्रणा खनिज तेलावर चालते, तर स्रॅमच्या रोड यंत्रणांत डॉट द्रव वापरला गेला. एकाचा द्रव दुसऱ्यात घातला की सील खराब होतात. डिसेंबर २०१३ मध्ये स्रॅमला आपले रोड हायड्रॉलिक ब्रेक परत बोलवावे लागले होते, कारण गोठणबिंदूच्या खालच्या थंडीत मुख्य सिलिंडरची सील दाब धरेनात. हिवाळी खेळाला यंत्र निवडताना हा प्रसंग आठवावा.

उतरणारा हात. अडथळा ४० सेंमीपर्यंत उंच असतो. तिथे पोचण्याआधी स्वार उजवा पाय मागून डावीकडे टाकतो, उजवा हात आडव्या नळीवर नेतो, आणि धावत उतरण्याच्या त्या क्षणी हँडलवर फक्त डावा हात उरतो. फ्रान्स-बेल्जियमच्या प्रथेप्रमाणे डाव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक असेल, तर घाईत दाबल्यावर पुढचे चाक अडते आणि मागचे उचलले जाते. म्हणून अनेक स्वार जोडणी उलटी करतात : उजवीकडे पुढचा, डावीकडे मागचा ब्रेक. मोटरसायकलवर पुढचा ब्रेक उजव्या हाताखालीच असतो, तेव्हा ती सवय असलेल्या आपल्याकडच्या स्वाराला ही मांडणी अंगवळणी पाडावी लागत नाही. केबलच्या ब्रेकमध्ये हा बदल सोपा. हायड्रॉलिकमध्ये नळ्या सोडवून पुन्हा तेल भरावे लागते, म्हणून सायकल बांधतानाच ठरवलेले बरे.

चढ फारच चिखलाचा असेल तर सायकल उजव्या खांद्यावर घेतात. उजवा हात तिरक्या नळीखालून जाऊन हँडलची डावी खालची बाजू पकडतो. म्हणजे धावताना डाव्या लिव्हरच्या पात्यांशी बोटांची झटापट होते. नकळत शिफ्टर दाबला गेला, तर पुन्हा चढून पहिला पाय मारताच चेन उडते. पुढे एकच चेनरिंग असलेल्या केबलच्या सायकलीत डावा लिव्हर फक्त ब्रेकचा राहतो आणि ही कटकटच संपते. स्रॅमने या खेळासाठी सीएक्स१ हा एक चेनरिंगचा संच २०१४ मध्ये आणला, तेव्हापासून ही मांडणी झपाट्याने पसरली. पुढचा डिरेलर नसल्याने चिखल अडकायची एक जागाही कमी होते.

शिफ्टरचे प्रकार. जुन्या सायकलींवर शिफ्टर तिरक्या नळीवर असत, म्हणजे गिअर बदलायला हँडल सोडणे आले. त्यावरचा उपाय म्हणजे हँडलच्या टोकांवरचे शिफ्टर. ते स्वस्त असतात, पडल्यावरही सहसा चालत राहतात. काहींना टप्प्यांशिवाय फिरवता येते, त्यामुळे डिरेलरचा हूक वाकला तरी हाताच्या अंदाजाने चेन जागेवर आणता येते. तोटा एवढाच की हात ब्रेकपासून दूर जातो, आणि नेमक्या वळणावर दोन्ही एकदम लागतात.

शिमानोने १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत आणले (एसटीआय), कँपानोलोने १९९२ मध्ये एर्गोपॉवर, स्रॅमने २००६ मध्ये डबलटॅप. शिमानोत ब्रेकचे पातेच आत वळवून गिअर बदलतो. खडबडीत उतारावर जोरात ब्रेक दाबताना ते चुकून वळू शकते. जुन्या एसटीआयची गिअरची केबल मुठीतून बाहेर लोंबते आणि धावताना कशालाही अडकते. आतले ग्रीस थंडीत घट्ट होते ते वेगळेच. कँपानोलोची केबल पहिल्यापासून हँडलच्या पट्टीखाली लपलेली आहे. तिचे अंगठ्याचे बटण मुठीवर हात असताना उत्तम, खाली पकडल्यावर मात्र दूर पडते. स्रॅममध्ये ब्रेकचे पाते बाजूला हलत नाही आणि गिअरचे पाते वेगळे आहे. केबलवरच्या शिफ्टरांत चिखलासाठी प्रस्तुत लेखकाचे मत याच रचनेला.

विजेवर चालणाऱ्या शिफ्टरना (शिमानो डीआय२, २००९, स्रॅम ईटॅप, २०१५) बधिर बोटांचा हलका स्पर्श पुरतो, आणि केबलच नसल्याने तिच्या नळीत चिखल शिरण्याचा प्रश्न येत नाही. डीआय२ची दोन बटणे एकमेकांना लागून असल्याने जाड हातमोज्यात ती चुकतात. ईटॅपमध्ये उजवे पाते जड गिअरकडे, डावे हलक्याकडे नेते; गोंधळ कमी, पण खांद्यावर सायकल असताना वर सांगितलेली डाव्या हाताची झटापट इथे परत येते.

शिफ्टर आणि मागचा डिरेलर यांचेही गोत्र जुळावे लागते. शिमानोचा ९ गिअरचा रोड शिफ्टर त्याच काळातल्या माउंटन डिरेलरला चालतो. १० गिअरपासून शिमानोने दोन्हींची केबल-ओढ वेगळी केली, स्रॅमने १० गिअरमध्ये ती एकच ठेवली.

जादा लिव्हर. हँडलच्या वरच्या सपाट भागावर बसणारे छोटे ब्रेक लिव्हर याच खेळामुळे क्रॉस लिव्हर म्हणून ओळखले जातात. ते केबलच्या मध्ये बसतात आणि बाहेरची नळी ढकलून ब्रेक लावतात. नवख्याला उतारावर ते धीर देतात. शर्यतीत मुरलेले स्वार सहसा काढून टाकतात. हायड्रॉलिकसाठी शिमानोने २०१९ च्या जीआरएक्स मालिकेत तसाच लिव्हर दिला.

शर्यतीत ठरलेल्या थांब्यावर चिखलाची सायकल देऊन धुतलेली घेता येते, म्हणून गंभीर स्वारांकडे निदान दोन सायकली असतात. दोन्हींवर शिफ्टरची जात, लिव्हरची उंची, पात्याचे बोटांपासूनचे अंतर आणि पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हे तंतोतंत सारखे ठेवतात. त्यामुळे एक महागडा जोड घेण्याऐवजी मधल्या किमतीचे दोन घेणे बहुतेकांना सोयीचे पडते.