खानदेशातल्या कबुतरांचे वैद्य

१६१७ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम मांडूच्या किल्ल्यावर होता आणि शहजादा खुर्रम दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. बगदादचे खलिफा कबुतरांकरवी निरोप धाडत, हे बादशहाच्या कानावर आले तेव्हा त्याने आपल्या कबुतरबाजांना तसाच सराव करून घ्यायला फर्मावले. त्याचे फळ काय मिळाले, ते त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. सकाळी मांडूहून सोडलेली कबुतरे पाऊस जोराचा असला तर दीड ते अडीच प्रहरांत बुऱ्हाणपूर गाठत. आभाळ मोकळे असले तर बहुतेक एका प्रहरात पोहोचत, आणि काही तर अवघ्या चार घटकांत. मांडू ते बुऱ्हाणपूर सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर आहे आणि चार घटका म्हणजे ९६ मिनिटे. ताशी जवळपास ९० किलोमीटरचा हा वेग आजच्या शर्यतीच्या होमर कबुतरालाही, वारा पाठीशी असला तरच, साधतो. बादशहाने अतिशयोक्ती केलेली नाही, असेच म्हणावे लागते.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी ते खानदेशाचे जुने राजधानीचे शहर. फारुकी सुलतानांची गादी थाळनेरहून तिथे गेली आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर खानदेश सुभ्याचा कारभारही तिथूनच चालला. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरहून ते अगदी जवळ. तेव्हा खानदेशाच्या आभाळात पगारी माणसांनी शिकवलेली कबुतरे उडू लागली, त्याला चारशे वर्षे उलटून गेली.

त्या कबुतरांची देखभाल कशी होत असेल, याचा अंदाज जहांगीरच्या वडिलांच्या काळातल्या नोंदींवरून येतो. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त कबुतरांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि अकबर या छंदाला ‘इश्कबाजी’ म्हणे. दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे निवडक. बुखारा, समरकंद, हेरात अशा ठिकाणांहून आलेले जाणकार त्यांच्यावर नेमलेले होते, आणि कबुतरखान्यावरच्या प्याद्यांचा पगार दरमहा २ रुपयांपासून ४८ रुपयांपर्यंत होता. दाण्याचा हिशेब तर फारच नेटका. उडवायच्या कबुतरांना निव्वळ बारीक भरड धान्य. बाकीच्यांना सात धान्यांचे मिश्रण, आणि त्यात तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मूग आणि खानदेशाची लाडकी ज्वारीसुद्धा. जाती, रंग, गिरक्या, कोलांट्या आणि दाणा यांवर त्या प्रकरणाचा सगळा भर आहे. राजांच्या उपयोगी पडणाऱ्या इतर प्राण्यांना मात्र आपापले वैद्यकशास्त्र लाभले होते. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, शिकारी ससाण्यांसाठी कुमाऊंच्या रुद्रदेवाचे श्यैनिकशास्त्र, ज्यात ससाण्याच्या दुखण्यांवर उपायही दिलेले आहेत. कबुतरांच्या वाट्याला अठराव्या शतकात वालिह मुसवी या कवीचे फारसी ‘कबूतरनामा’ आले, पण तेही मुख्यतः रंग, जाती आणि पैदाशीबद्दल.

कबुतर युद्धावर जात नव्हते, शिकार करत नव्हते, नांगरही ओढत नव्हते. म्हणून खानदेशातल्या कबुतरबाजाला पुढच्या काळात जे जे औषध मिळाले, ते बहुतेक सगळे मुळात दुसऱ्याच कुणासाठी तयार झालेले होते. या भागातल्या कबुतरांच्या आरोग्याचा इतिहास असा उसनवारीचा आहे.

पहिली उसनवारी दयाधर्माची. सुरत ते बुऱ्हाणपूर हा व्यापाराचा हमरस्ता खानदेशातूनच जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ मध्ये नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशा मजला करत याच वाटेने गेला. गुजरातचे जैन आणि वैष्णव व्यापारी या रस्त्याने ये-जा करत आणि त्यांच्याबरोबर जीवदयेची रीतही येई. तिचे मूळ रूप पाहायचे तर खंबायतला जावे लागते. फेब्रुवारी १६२३ मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले तिथे पोहोचला आणि आजारी, लंगड्या, जोडीदार गमावलेल्या पाखरांचे रुग्णालय पाहून चकित झाला. तिथे पोरक्या झालेल्या उंदरांची पिल्लेही कापसात ठेवलेली होती, आणि पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध नाकावर चष्मा लावून त्यांना पिसाने दूध पाजत होता. युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा ल्योंमध्ये १७६२ साली निघाली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या शेजारी पाखरांची शुश्रूषा चालू होती, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे.

पांजरापोळ ही त्याच परंपरेची पुढची पायरी. मुंबईतली पांजरापोळ १८३४ ची. कापसाच्या व्यापारामुळे खानदेशात गुजराती आणि मारवाडी पेढ्या स्थिरावल्या आणि जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत पांजरापोळी उभ्या राहिल्या. त्यांचे खरे काम भाकड गायींचे आणि थकलेल्या बैलांचे. पाखरांना तिथे आसरा आणि दाणा मिळे, आजाराची पारख मिळत नसे. दिल्लीच्या जैन समाजाने १९२९ मध्ये केवळ पक्ष्यांसाठी धर्मार्थ रुग्णालय काढले आणि पुढे ते लाल किल्ल्यासमोरच्या मंदिराच्या आवारात गेले. खानदेशातल्या पांजरापोळींनी मात्र गुरांचीच वाट धरली, आणि इथल्या शेतकऱ्याची गरज पाहता ते स्वाभाविकच होते.

इंग्रजी अमलात खानदेश १८१८ मध्ये कंपनी सरकारकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी वसाहत आखली. १९०६ मध्ये जिल्हा दुभंगून पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशाचे धुळे झाले. सरकारी पशुवैद्यकाचा जन्म मात्र घोड्याच्या पागेत आणि बैलांच्या गोठ्यात झाला. पलटणीला घोडे हवेत आणि शेतसारा भरणाऱ्या रयतेचे बैल बुळकांडीने मरता कामा नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उघडले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून शिकून बाहेर पडलेले पदवीधर हळूहळू जिल्ह्यांच्या ठिकाणी पोहोचले आणि गुरांचे दवाखाने निघाले. जळगावहून परळ रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. गिरेबाज कबुतरांच्या एका जोडीसाठी एवढा प्रवास करणारा विरळाच.

याच काळात धरणगावी १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले आणि बालकवी झाले. ‘पारवा’ ही त्यांची कविता मराठी वाचकाला सांगायला नको. पडक्या धर्मशाळेच्या कौलारावरच्या त्या पाखराचे दुःख खानदेशाच्या कवीने ओळखले, पण तशा पाखराची नाडी पाहणारे कुणी तेव्हा पूर्व खानदेशात नव्हते.

ढाबळीवर मग उपाय चालत ते स्वयंपाकघरातले. लसूण, ओवा, हळद, काळी मिरी. ढाबळीच्या कोपऱ्यात विटांचा चुरा, शिंपल्याचे तुकडे आणि मिठाचा खडा. यातल्या चुऱ्यामागे पक्के शास्त्र आहे. कबुतराला दात नाहीत, तेव्हा अख्खा हरभरा किंवा मका दळायला पोटातल्या दगडीला खडे लागतात, आणि अंड्याच्या कवचाला चुना लागतो. नवख्या पाळणाऱ्याच्या हातून इथेच चूक होते. तो धान्य भरपूर घालतो आणि खडे घालायचे विसरतो.

पण मान वाकडी झाली की हळद-लसूण हात टेकत. कबुतर गोल गोल फिरते, दाण्यावर चोच मारते आणि नेम चुकतो, मान उलटी होऊन डोळे आभाळाकडे लागतात. कोंबड्यांच्या याच दुखण्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडच्या न्यूकॅसल परिसरात कोंबड्यांची एक नवी साथ दिसली. पाठोपाठ कुमाऊंच्या राणीखेतजवळ तीच साथ आढळली आणि १९२८ मध्ये एडवर्ड्स यांनी तिची नोंद केली. भारतात रोगाला राणीखेत हेच नाव चिकटले. मुक्तेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेत हॅडो आणि इदनानी यांनी चाळीसच्या दशकात त्यावर लस तयार केली, आणि पुढे राणीखेतच्या लसी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेतूनही निघू लागल्या. खानदेशातल्या दवाखान्यांच्या शीतपेटीत या लसी आल्या त्या कोंबड्यांसाठी. मोठ्या कोंबड्यांसाठीची कुपी, शंभर किंवा अधिक मात्रांची, एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. दहा-बारा जोड्या पाळणाऱ्यासाठी ती कोण फोडणार?

त्यात कबुतरांचा विषाणू थोडा वेगळा निघाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मध्यपूर्वेत कबुतरांमध्येच फिरणारा एक प्रकार दिसला आणि ऐंशीच्या दशकात तो युरोपभर पसरला. शर्यतीच्या कबुतरांवर पैसा लावणाऱ्या त्या देशांत खास कबुतरांसाठी मृत विषाणूची लस निघाली. आपल्याकडे कबुतरबाज अजून बहुधा कोंबड्यांच्या लसीवरच भागवतो.

मान वाकडी होण्याचे दुसरेही एक कारण आहे आणि त्याची कथा विलक्षण आहे. सडलेल्या, म्हणजे पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेली कबुतरे अशीच मान मागे टाकून तडफडतात. १९११-१२ मध्ये कासिमिर फंक यांनी लंडनमध्ये अशा कबुतरांना तांदळाच्या कोंड्यातला अर्क दिला आणि ती काही तासांत उठून उभी राहिली. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द जगाला त्यातून मिळाला. भारतात रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला कबुतरांवरच प्रयोग करून निकस आहाराने शरीरातला एकेक अवयव कसा ढासळतो, ते दाखवले. १९१५ मध्ये कसौलीला हेलन एडी या संशोधक महिलेने कबुतरांच्या रक्तातला हिवतापासारखा जंतू पिसांत लपणाऱ्या चपट्या माशीच्या पोटात कसा वाढतो, हे उलगडले. माणसाच्या बेरीबेरीचे आणि हिवतापाचे ज्ञान वाढले त्यात कबुतराचा मोठा वाटा आहे. कबुतरासाठी वैद्यकाने तेवढे केले नाही, आणि ही बाकी अजून फिटलेली नाही.

पॉलिश केलेल्या तांदळाच्या कथेचा ढाबळीवर थेट उपयोग आहे. मान वाकडी दिसली की सगळे मानमोडी समजून आशा सोडतात. पण निव्वळ तांदळावर किंवा एकाच धान्यावर वाढलेल्या कबुतराला ब-१ जीवनसत्त्वाने फरक पडू शकतो. खऱ्या मानमोडीतूनही पुष्कळ कबुतरे, वेगळी ठेवून हाताने भरवली आणि पाणी पाजले तर, काही आठवड्यांनी सावरतात. लगेच मान पिरगळून टाकणे हा उपाय नव्हे.

खानदेशाच्या सरकारी यंत्रणेने पाखराकडे खऱ्या अर्थाने पहिल्यांदा पाहिले ते २००६ मध्ये, आणि तेही भीतीने. फेब्रुवारीत नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ बर्ड फ्लूचे निदान केले. भारतातला हा पहिलाच उद्रेक. नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, नंतर नंदुरबारमध्ये गेले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ अशा गावांतल्या घरगुती कोंबड्यांमध्येही रोग सापडला. लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. पशुवैद्यकांनी अंगभर पोशाख घालून दिवसरात्र काम केले आणि माणसांत रोग पसरला नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र त्यानंतर कबुतर आजारी पडले की मालक दवाखान्यात जायलाच बिचकू लागला तर नवल नाही. सरकार आले तर सगळी ढाबळ जाईल, ही धास्ती साथ दडवते आणि नुकसान सगळ्यांचेच होते.

संक्रांतीच्या दिवसांत तर जखमांचीच साथ येते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि पंख कापत राहतो. जळगाव-धुळ्यात अशा पाखरांना उचलून आणणारी पक्षीमित्र मंडळी आहेत. पंखाचे बारीक हाड जुळवणारा हात मात्र दरवेळी मिळतोच असे नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला या राज्यातल्या जुन्या पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था, आणि त्यांतली एकही खानदेशात नाही.

तरीही दवाखान्याची पायरी चढायला हवी. सरकारी दवाखाना कबुतरांसाठीही आहे, फक्त मागणाऱ्याने मागितले पाहिजे. घशात पिवळट चिकट थर दिसला तर तो बहुधा कँकर असतो. आईबापांच्या घशातल्या दुधातून आणि एकाच भांड्यातल्या पाण्यातून तो पिल्लांपर्यंत पोहोचतो, आणि त्यावर औषध आहे. हगवणीसाठी माणसाच्या गोळीचा तुकडा अंदाजाने चोचीत घालू नये. ताजी शीट स्वच्छ डबीत घालून न्यावी, सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया लगेच दिसतात. एकदम अनेक पाखरे मेली तर ती उघड्यावर फेकू नयेत, फाडूनही पाहू नयेत. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेला कळवावे. आणि जळगाव व धुळ्याच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत आठवड्यातला निदान एक दिवस पक्ष्यांसाठी राखावा, पाखरांवर उपचार शिकलेला एक पशुवैद्य तिथे नेमावा आणि कबुतरांच्या मानमोडीची लस लहान मात्रेत मिळेल अशी सोय करावी. खानदेशातल्या कबुतर पाळणाऱ्यांनी ही मागणी एकत्र येऊन, लेखी अर्जाने, आपल्या जिल्हा परिषदेकडे आणि पशुसंवर्धन खात्याकडे करावी.