भ्रूण अखंड पाहताना

बहात्तर तास उबवलेल्या कोंबडीच्या भ्रूणाचा आडवा छेद पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास गोंधळतो. एकाच छेदात मेंदू दोनदा दिसतो. एव्हाना भ्रूणाचे डोके छातीकडे वाकलेले असते. त्यामुळे मायक्रोटोमचे पाते अग्रमेंदू आणि पश्चमेंदू या दोन्हींतून एकदमच जाते. खरा आकार कळायचा तर असे कितीतरी छेद क्रमाने मनात जुळवावे लागतात. ही जुळवणी उपकरणावर सोपवायची, आणि तीही शक्यतो भ्रूण न कापता, हा त्रिमितीय सूक्ष्मदर्शनाचा विषय.

पुण्याला भ्रूणांचा अभ्यास परका नाही. एडिंबरामध्ये भ्रूणशास्त्रज्ञ कॉनरॅड वॅडिंग्टन यांच्याकडे काम केलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणावरील संशोधन रुजवले. आज आघारकर संशोधन संस्थेत आणि २००६मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) झेब्राफिश आणि फळमाशीवरही काम चालते.

प्राणी बदलला की पाहण्याची रीतही बदलते. मार्विन मिन्स्की यांनी १९५७मध्ये पेटंटसाठी मांडलेली कॉन्फोकल पद्धत एका सूक्ष्म छिद्राने केंद्रप्रतलाबाहेरचा प्रकाश अडवते. चित्र रेखीव येते, पण अपारदर्शक भ्रूणात ती फार खोल जात नाही. मोठ्या भ्रूणासाठी जेम्स शार्प आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये, एडिंबरातच, ऑप्टिकल प्रोजेक्शन टोमोग्राफी पुढे आणली. सीटी स्कॅनप्रमाणे इथेही अनेक कोनांतून चित्रे घेऊन संगणक त्यांतून आकार उभा करतो. फक्त क्ष-किरणांऐवजी साधा प्रकाश वापरला जातो. त्यासाठी भ्रूण बहुधा रसायनांनी पारदर्शक करावा लागतो, म्हणजे तो जिवंत राहत नाही.

जिवंत भ्रूणाची वाढ पाहायची तर लाइट शीट. प्रकाशाचा पातळ पडदा बाजूने सोडायचा आणि काटकोनातून चित्र घ्यायचे. पाहायचे तेवढेच प्रतल उजळते, बाकीच्या पेशींना प्रकाशाचा त्रास होत नाही. यान हुइस्केन, एर्न्स्ट श्टेल्झर आदींनी ही रीत २००४मध्ये भ्रूणांवर वापरून दाखवली. २००८मध्ये श्टेल्झर यांच्या हायडेलबर्गमधील गटाने झेब्राफिशच्या भ्रूणातील पेशीकेंद्रकांचा पहिल्या चोवीस तासांतला प्रवास नोंदवला.

यांतली कोणतीही पद्धत सर्वश्रेष्ठ नाही. खोली, बारकावा, वेग आणि भ्रूणाचे आयुष्य यांपैकी प्रत्येक पद्धत काहीतरी देते आणि काहीतरी घेते. पडद्यावर फिरणारे रंगीत चित्र देखणे असते. पण त्यातून अंतर, घनफळ किंवा पेशींची दिशा मोजता आली, तरच ते विज्ञानाच्या उपयोगी.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना एवढेच सांगणे: छेदांच्या जुन्या स्लाइड टाकून देऊ नका, त्रिमितीय चित्रावर शंका आली तर पडताळा तिथेच मिळतो. आणि महागड्या उपकरणावर वेळ मागण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. पद्धत कोणती, हे बहुतेक वेळा ते वाक्यच ठरवेल.