संशोधनात गावाचा सहभाग : गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवा

ज्या समाजाचा अभ्यास करावयाचा, त्याच समाजातील व्यक्तींना प्रश्न ठरविणे, माहिती नोंदविणे आणि निष्कर्ष अमलात आणणे या कामांत सामावून घेणाऱ्या पद्धतीस लोकसहभागी संशोधन म्हणतात. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात झालेला घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग हे त्याचे देशातील एक महत्त्वाचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी
डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. मात्र पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. न विचारलेले दुखणे नोंदीत येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. संस्थेचे रुग्णालयही आदिवासींच्या सूचनांनुसार गावातील घरांसारखे बांधण्यात आले आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले.

प्रयोगाचे स्वरूप
त्या काळी या भागातील बहुतांश प्रसूती घरीच होत आणि आजारी नवजात बालकास रुग्णालयात नेण्यास कुटुंबे सहसा तयार नसत. त्यामुळे उपचारच घरापर्यंत नेण्याचे ठरले. प्रयोगासाठी ३९ गावे निवडण्यात आली, तर तुलनेसाठी ४७ गावांतील जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्यात आली. माफक शिक्षण झालेल्या गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण मिळाले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्यास ऊबदार ठेवणे, श्वास कोंडलेल्या बाळास कृत्रिम श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. प्रत्येक भेटीची नोंद त्याच ठेवीत व डॉक्टर ठरावीक काळाने तिची पडताळणी करीत. त्यामुळे नोंद घेणारी आणि उपचार करणारी व्यक्ती एकच होती.

निष्कर्ष
डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ पर्यंत उतरला. तुलनेच्या गावांतील बदल लक्षात घेता ही घट सुमारे ६२ टक्के होती. गावांची निवड यादृच्छिक पद्धतीने झालेली नसल्याने अन्यत्र पडताळणी आवश्यक होती. ती पुढे महाराष्ट्रात सात ठिकाणी राबविलेल्या ‘अंकुर’ प्रकल्पातून करण्यात आली.

धोरणावरील परिणाम
केंद्र सरकारने २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यानुसार आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळास सहा, तर घरी जन्मलेल्या बाळास सात भेटी देते. या भेटींत भर धोक्याची चिन्हे ओळखून बाळास रुग्णालयात पाठविण्यावर आहे.

महत्त्व
गावकऱ्यांकडून केवळ माहिती घेणे म्हणजे सहभाग नव्हे. अभ्यासाचा कालावधी संपल्यावर संशोधक परततो. कौशल्य मात्र शिकलेल्या स्त्रीबरोबर गावातच राहते. गडचिरोलीत संशोधनाचे साधन आणि बदलाचे साधन एकाच हाती आले, हेच या प्रयोगाचे वैशिष्ट्य मानले जाते.