शनिवार तेली बाझलला का गेले नाहीत?

आमच्याकडे, म्हणजे उजनीच्या बॅकवॉटरला, इस्रायल हा शब्द ठिबकबरोबर येतो. कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, ड्रिपरवर अर्धा तास बोलेल. पण 7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध, यापासून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणखी एक शब्द फिरायला लागला, 'अँटी-झायोनिस्ट'. वापर साधारण असा, की तो असला म्हणजे ज्यूंचा द्वेष्टा. विषय संपला!

मंडळी, प्रकरण इतकं सोपं नाहीये. आणि गंमत म्हणजे त्यातला एक धागा थेट आपल्या अलिबाग-पेण भागात जातो.

आधी व्याख्या (इंजिनिअरची खोड, चालवून घ्या). ज्यू हा नुसता धर्म नाही, ते एक राष्ट्र आहे आणि त्याला त्याच्या प्राचीन भूमीत स्वतःचं घर हवं, हा विचार म्हणजे झायोनिझम. रशियात ज्यूंच्या कत्तली होत होत्या, फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं होतं. हे सगळं बघून थिओडोर हर्झलने 1896 साली ज्यू राज्याची कल्पना मांडणारं पुस्तक लिहिलं आणि ऑगस्ट 1897 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पहिली झायोनिस्ट परिषद भरवली. या विचाराला विरोध म्हणजे अँटी-झायोनिझम. इस्रायल सरकारच्या एखाद्या धोरणाला विरोध ही वेगळी गोष्ट. ज्यू माणसाचा द्वेष ही तिसरीच. व्हेरिएबल तीन आहेत, पण भांडताना लोक तिन्हींत एकच व्हॅल्यू भरतात.

आता बघा, ती परिषद आधी म्युनिकला व्हायची होती. तिथल्या ज्यूंनीच विरोध केला म्हणून बाझलला गेली. म्हणजे पहिले विरोधक कोण, तर ज्यूच.

त्याच परिषदेचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायली समाजालाही आलं होतं. हे आपले कोकणातले ज्यू. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, अशी त्यांची परंपरा सांगते. व्यवसाय तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. घरात मराठी, नवसाला मलिदा, बायबलमधल्या गोष्टींवर चक्क मराठी कीर्तनं. मुंबईत 1796 मध्ये त्यांनी स्वतःचं सिनेगॉग बांधलं. आणि इतक्या पिढ्यांत शेजाऱ्यांनी कधी त्यांची घरं जाळली नाहीत. (आपल्या समाजाबद्दल अभिमानाने सांगावं अशा गोष्टी फार नाहीत, ही नक्की आहे.)

त्यांनी आमंत्रण नाकारलं. कारण राजकीय नव्हतं, धार्मिक होतं. झायोनला परत न्यायचं ते देवाच्या हाताने, माणसांनी ठराव करून नव्हे. प्रार्थनेत जेरुसलेम रोज होतंच, पण त्यासाठी परिषद घेणं त्यांना पटलं नाही. काही कर्मठ ज्यू पंथ आजही जवळपास हेच म्हणतात.

दुसरं कारण शिकल्यासवरल्या ज्यूंचं. एडविन माँटेग्यू हे नाव शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांत पाठ केलेलं आठवतंय? तोच, आपला भारतमंत्री. तो ब्रिटिश मंत्रिमंडळातला एकमेव ज्यू होता आणि 1917 च्या बाल्फोर जाहीरनाम्याला त्याचाच कडाडून विरोध होता! त्याचं म्हणणं, पॅलेस्टाइन हे ज्यूंचं घर ठरलं की इंग्लंडमध्ये मी परका ठरतो. मग ज्यूद्वेष्टे म्हणायला मोकळे, जा आपल्या देशात. मला हा मुद्दा फार खोल वाटतो.

गांधीजींनी 26 नोव्हेंबर 1938 च्या 'हरिजन'मध्ये ज्यूंच्या छळाची तुलना अस्पृश्यतेशी केली, पण अरबांवर ज्यूंना लादणं अन्याय्य आहे असंही स्पष्ट लिहिलं. 29 नोव्हेंबर 1947 ला युनोत फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 ने झाला, त्या 13 मध्ये भारत होता. सावरकरांनी त्यावर पत्रक काढून नाराजी व्यक्त केली, त्यांचा ज्यू राज्याला पाठिंबा होता. म्हणजे मराठी माणसातही तेव्हापासून दोन बाजू आहेतच.

राहिला अरबांचा विरोध. तो समजायला आमच्या काठच्या माणसाला पुस्तक लागू नये. केत्तूर, कुगाव, पलीकडचं पळसदेव, जुनी गावं पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि म्हातारी माणसं बघायला जातात. 1948 मध्ये सुमारे 7 लाख पॅलेस्टिनींची घरं सुटली, चारशेहून जास्त गावं ओस पडली. तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य. आपली गावं धरणाने नेली, त्यांची युद्धाने. आपल्याला अपुरा का होईना मोबदला मिळाला, आणि पुनर्वसन वरच्या अंगाला, दिसेल एवढ्या अंतरावर झालं. त्यांना परत येऊ दिलं नाही. अशा माणसाला झायोनिझम म्हणजे काय विचारलं तर तो हर्झल सांगणार नाही, आपल्या विहिरीबद्दल बोलेल.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. युरोपात 60 लाख ज्यू मारले गेले तेव्हा बहुतेक देशांची दारं त्यांना बंद होती. राज्य कशाला हवं, याचं उत्तर त्यात आहे. आणि विरोध द्वेषात कुठे बदलतो तेही आपण मुंबईत पाहिलंय. नोव्हेंबर 2008 मध्ये नरिमन हाउसमध्ये सहा जणांना मारलं, कारण ते ज्यूंचं घर होतं. त्याला अँटी-झायोनिझम म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

असो. शनिवार तेल्यांचं पुढे काय झालं? 1948 नंतर तेही निघाले, हजारोंनी. इथून कुणी हाकललं नव्हतं. तिथे गेल्यावर वागणूक कमीपणाची मिळाली, काहींनी धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणाले. 1952 ते 54 मध्ये तीनशेहून जास्त जण खरंच मुंबईला परत आले. 1962 मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर चौकशीची अट घातली, तुम्ही पूर्ण ज्यू आहात का म्हणून! जेरुसलेममध्ये पुन्हा धरणं झालं, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. आणि ते मुंबईला परत आलेले? त्यांच्यातले बहुतेक पुन्हा इस्रायललाच गेले.