उतारावरचा ट्रक

गोव्याच्या खाण व्यवसायाबद्दल आतापर्यंत पुष्कळ लिहून झालं आहे. किती टन माल गेला, कोणाला परवाना कधी मिळाला, कोणत्या न्यायालयाने काय म्हटलं, सगळ्याची नोंद आहे. ट्रक त्यात येतो तो आकड्याने, नाहीतर आंदोलनाच्या बातमीत रांगेने उभा. पण ज्या ट्रकांनी आमचे डोंगर नदीकाठी नेऊन ओतले, त्यांच्या चाकाच्या आत काय चाललं होतं हे कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. डिचोली तालुक्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास ब्रेकच्या लायनरवरूनही सांगता येईल, असं मला बरेच दिवस वाटत आलं आहे. सांगून बघतो.

आधी थोडा भूगोल. खनिज डोंगरात आणि बार्जचे धक्के मांडवीच्या काठाला, सारमानस, आमोणे अशा ठिकाणी. तिथून बार्ज मुरगावला जाणार. म्हणजे आमच्याकडे ट्रक भरून उतरतो आणि रिकामा होऊन चढतो. मालकाच्या दृष्टीने ही देवाचीच कृपा, कारण डिझेल कमी जळतं. ब्रेकच्या दृष्टीने मात्र याहून वाईट व्यवस्था नाही. गाडीचं वजन सहा टन आणि माल दहा टन धरा. असा ट्रक साठ मीटर उंचीवरून खाली आला की जी शक्ती जिरवायची असते, ती सगळी उष्णतेत धरली तर सुमारे तीस लिटर पाणी उकळीला येईल. एका खेपेत! यातला काही भाग इंजिन आणि टायर खातात. ड्रायव्हर शहाणा असेल आणि खालच्या गिअरात उतरत असेल तर बराच खातात. उरलेलं सगळं चार जागी जातं, पुढच्या-मागच्या चाकांच्या ओतीव लोखंडी ड्रममध्ये. आणि खेपा दिवसाला एक नसत.

परवाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वाटले गेले होते, पण खनिजाची खरी निर्यात सुरू झाली ती १९४७च्या सुमारास, आणि पन्नासच्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांनी तिला जोर आणला. त्या काळी खनिज हाताने फोडत, बायका पाट्यांनी वाहत. ट्रकाला पोर्तुगीज अमलात 'कामियांव' म्हणत. जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द मी ऐकलेला आहे. गंमत अशी की १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचा पहिला ट्रक बाहेर पडला, आणि जवळपास त्याच वेळी भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी सुरू केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर सीमा पुरती बंद झाली. त्यामुळे पलीकडे भारतभर धावणारी गाडी आमच्या खाणींवर यायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. तोवर गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बोटीने येत. पुढे १९६९ला जर्मनांशी असलेला करार संपला, बोनेटवरची चांदणी गेली आणि टाटांचा 'टी' आला. गाडी तीच राहिली. मेस्तांनी चांदणीच्या गाडीवर शिकलेली विद्या 'टी'च्या गाडीवर चालवली.

त्या जुन्या गाड्यांचे ब्रेक तेलावरचे असत. पेडल दाबलं की नळीतून तेलाचा दाब चाकापर्यंत जाणार. नंतरच्या मोठ्या गाड्यांत हवा आली. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, पेडल दाबलं की ती चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते, रबरी पडदा पुढे ढकलते, पडदा दांडा ढकलतो आणि दांड्याने कॅम फिरून दोन्ही शू फाकतात. शूवर बसवलेला लायनर ड्रमला आतून घासतो आणि गाडी थांबते. तत्त्व एवढंच. लायनर झिजावा आणि ड्रम टिकावा अशीच ही योजना आहे. लायनर हा मुद्दाम मरायला ठेवलेला भाग. तो वेळेवर मेला आणि वेळेवर बदलला गेला तर बाकी सगळं शाबूत राहतं.

वेळेवर बदलणं न बदलणं हे मात्र मेस्ताच्या हातात नव्हतं. इथे मुद्दा पैशाचा येतो. ट्रकवाल्याला मोबदला टनावर आणि खेपेवर. ब्रेकचं काम म्हणजे निदान एक दिवस गाडी उभी, दिवसभराच्या खेपा बुडाल्या, वर लायनरचे आणि मजुरीचे पैसे. शिवाय गाडीवर बँकेचा हप्ता. मग लायनर 'आणखी आठ दिवस' चालवायचा. दोन हजारच्या दशकात चीनची मागणी वाढली, पूर्वी कोणी न विचारलेला हलका मालही जाऊ लागला आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. घराघरांत कर्जाने ट्रक आले. डिचोली-साखळी भागात शाळेत जाणारी मुलं रस्त्याच्या कडेला अंग चोरून कशी उभी राहत, हे त्या वर्षांत ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लाल धुळीबद्दल सगळे बोलत, भाताच्या खाचरांबद्दल बोलत. ती धूळ ड्रममध्येही शिरते हे कोणी बोलत नसे. लोहखनिजाची बारीक भुकटी म्हणजे लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये घातलेला पॉलिश पेपरच.

डिचोलीतल्या एका मेस्ताकडे मी बऱ्याचदा जाऊन बसलो आहे. (कारकुनाला रविवारी दुसरं काय काम!) मागचं चाक उघडण्याचा त्याचा क्रम ठरलेला असे. आधी पुढच्या चाकांखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. हँडब्रेक सोडायचा, नाहीतर ड्रम सुटणार नाही, आणि हँडब्रेक सोडलेली गाडी फक्त ठोकळ्यांच्या भरवशावर असते, म्हणून ठोकळे दोनदा बघायचे. जॅकने उचलल्यावर अॅक्सलखाली घोडी लावल्याशिवाय कोणी खाली शिरायचं नाही. चाकं काढली, अॅक्सलचा दांडा बाहेर ओढला, नट सोडले, अॅडजस्टर ढिला केला की हब आणि ड्रम मिळून बाहेर येतात. ड्रमच्या कडेला झिजून उंबरठा तयार झालेला असतो, त्यावर लायनर अडतो. तेव्हा घाई करणारा पोरगा हातोडा घालतो आणि मेस्त त्याला शिव्या घालतो.

मग बघणं. मेस्त लायनर सगळीकडे बघत नसे, जिथे सगळ्यात पातळ झालाय तिथेच बोट ठेवी. लायनर शूला रिबिटांनी ठोकलेला असतो आणि रिबिटांची डोकी लायनरच्या आत खोल बसवलेली असतात. झिजत झिजत पृष्ठभाग त्या डोक्यांजवळ आला की मुदत संपली. पुढे गेलं तर धातू धातूला घासतो आणि ड्रमला आतून गोल गोल चरे पडतात. चरे थोडे असतील तर ड्रम लेथवर घासून घेता येतो, पण त्याला मर्यादा असते. ठरलेल्या व्यासापलीकडे ड्रम घासला की तो पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकतो. लोखंडावर निळसर डाग दिसले तर तो फार तापून गेलेला, हे मेस्त लांबूनच सांगे. लायनर चिकचिकीत, काळा दिसला तर आधी हबचा ऑइल सील बदलायचा. सील तसाच ठेवून नवा लायनर मारणं म्हणजे पैसे नदीत टाकणं. एका बाजूचा लायनर गेला तरी त्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. यावर मालकाशी हमखास वाद. 'एक बरो आसा न्हय?' असं मालक विचारी, आणि मेस्त उत्तर न देता दोन्ही शू कामाच्या फळीवर ठेवी.

रिबिटं मारायची ती मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, म्हणजे लायनर शूवर पोट न फुगता बसतो. परतीच्या स्प्रिंगा ताणून ढिल्या झाल्या असतील तर त्याही नव्या, कॅमच्या दांड्याला ग्रीस. सगळं चढवल्यावर अॅडजस्टर आवळत चाक घट्ट करायचं आणि मग हळूहळू सोडत मोकळं फिरेल तिथे थांबायचं. शेवटी हवेच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. नवा लायनर ड्रमशी नीट बसेपर्यंत पूर्ण माल भरून उताराला जायचं नाही, असं मेस्त दर वेळी सांगे. किती जण ऐकत ते विचारू नका.

त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आहे: 'ब्रेक लागता, पूण गाडी रावना.' उताराच्या शेवटी शेवटी ड्रायव्हर पाय दाबून असतो, पेडलला काही कमी नाही, हवा आहे, शू फाकलेले आहेत, तरी गाडी पुढेच. लायनर अति तापला की त्याची पकड कमी होते, आणि तापून ड्रम फुगला की शूला जास्त अंतर जावं लागतं. लायनर पातळ असेल, अॅडजस्टर वेळेवर आवळलेला नसेल तर दांड्याची पोच तिथेच संपते. अपघातानंतर आपण सहज म्हणतो की ब्रेक 'फेल' झाला. पुष्कळदा तो फेल होत नाही, संपलेला असतो, आणि ते चाक उघडलं असतं तर आधी दिसलं असतं.

याच कामाची दुसरी बाजू मेस्ताच्या छातीत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, उष्णता सोसणारं म्हणून. ड्रम काढला की आतली राखाडी भुकटी तोंडाने फुंकायची, नाहीतर कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची, ही सगळ्या गॅरेजांतली रीत. तिने फुप्फुसांचे असाध्य रोग होतात हे जगात केव्हाच सिद्ध झालेलं. ओल्या फडक्याने पुसायचं एवढी साधी गोष्ट, पण ती सांगायला आमच्या गॅरेजांपर्यंत कोण आलं? धुळीची चौकशी खाणीवर होई, गॅरेजमध्ये नाही.

पावसात वाहतूक बंद, म्हणून मोठी कामं पावसाळ्यात. चतुर्थी उरकली की गॅरेजांत गर्दी आणि दसऱ्याला धुतलेल्या गाडीला रोजांचे हार. त्या पूजेत ब्रेकला कोणी फूल वाहत नाही. ते स्टिअरिंगला आणि बोनेटला.

२०१२च्या सप्टेंबरात शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४मध्ये अटींवर बंदी उठली. पण फेब्रुवारी २०१८च्या निकालाने नूतनीकरणं रद्द झाली आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. ट्रक अंगणात, माडाखाली, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कर्जाच्या सवलतीसाठी लोकांनी केलेले अर्ज, जोडलेल्या प्रती, राहिलेले शिक्के, हे जग मी कारकून म्हणून जवळून ओळखतो. त्यात गाडीचा क्रमांक असतो, कर्जाची रक्कम असते. गाडीची आतली अवस्था लिहायला रकाना नसतो.

आणि ती अवस्था भल्याभल्यांना चकवते. लोकांना वाटतं, गाडी चाललीच नाही म्हणजे ब्रेक झिजले नाहीत, जसेच्या तसे असणार. लायनरची जाडी असते खरी. पण आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत ड्रमला आतून गंज चढतो, लायनर गंजाला चिकटतो आणि गाडी ओढताना शूपासून सुटून येतो. कॅमचा दांडा आपल्या जागेत अडकतो, मग ब्रेक लागला तर सुटत नाही, नाहीतर लागतच नाही. हवेच्या चेंबरमधला रबरी पडदा चिरतो, टाकीत साचलेलं पाणी व्हॉल्व्हांत जाऊन बसतं. तेलाचा ब्रेक असेल तर सिलिंडरमधली रबरं फुगलेली, आतला भाग गंजून खड्डे पडलेला. अशी गाडी अंगणात चालू करून पुढे-मागे केली तर ब्रेक लागतोही. सपाटीवर, रिकामी.

एप्रिल २०२४मध्ये लिलावात गेलेल्या डिचोलीच्या ब्लॉकमध्ये खाणकाम पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात काही गाड्या भंगारात गेल्या, काही पेडण्याकडे चिरे आणि माती ओढायला लागल्या. माळप्याच्या उतारावरून येताना त्यातली एखादी पुढे असली की मी अंतर ठेवून चालतो. उभ्या राहिलेल्या गाड्यांसाठी आता पंधरा वर्षांची रेघ आडवी येते. १ एप्रिल २०२२पासून तशा जड गाडीच्या फिटनेसचं शुल्क १२,५०० रुपयांवर गेलं. त्याआधी सगळ्या चाकांचे लायनर, रबरं, सील, एखाद-दुसरा ड्रम. ज्याचं घर त्या गाडीवर चालायचं त्याच्याकडे दहा-बारा वर्षांनी हे पैसे असतात का, हा प्रश्न आहेच. पण पैसे नाहीत म्हणून गाडी न उघडता रस्त्यावर आणली, तर तिचा उतार पिळगावच्या नाहीतर मयेच्या वस्तीतून जातो. गाड्या परत घ्यायच्या असतील तर पहिल्या खेपेच्या आधी सगळी चाकं उघडून, मेस्ताकडून तपासून घ्यावीत, आणि तो खर्च एकट्या ट्रकवाल्यावर न टाकता ज्याचा माल तो वाहणार आहे त्यानेही उचलावा, असं माझं मत आहे. खाणीवाले, सरकार आणि ट्रकमालक बोलायला बसतात तेव्हा दर टनाला किती यावर चर्चा होते. त्या दरात लायनर धरलाय का, हे कोणीतरी एकदा विचारायला हवं.