कलर होल्डर

१९२३. आलापल्लीच्या जंगलातून सागाचे ओंडके बैलगाड्यांवर निघालेत आणि तू चाकांच्या धुळीत उभा आहेस. ४ ऑगस्टला नागपूरला विद्यापीठ निघालं, हे इथे कुणाच्या गावीही नाही. कागदोपत्री मात्र अख्खा मध्य प्रांत नि वऱ्हाड त्याच्या पदराखाली, म्हणजे चांदा जिल्ह्यातली आलापल्लीसुद्धा. फुटबॉल तिकडे कामठीच्या छावणीत, गोऱ्या पलटणींच्या पायांशी. इथे तुझं काही काम नाही. पुढे सरक.

१९८१. तू चंद्रपूरला वसतिगृहात राहून शिकतोस. गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायला अजून वर्ष आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात बरा खेळलास, सरांनी पाठ थोपटली, आणि विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीसाठी तू लाल डब्यातून दीडशे किलोमीटर हाडं खिळखिळी करत नागपूरला उतरलायस. रविनगरचं मैदान. तुझ्या पायात कॅनव्हासचे बूट, तळ झिजून गुळगुळीत. शेजारी कामठीची पोरं मांडी घालून स्टड आवळतायत. एकमेकांकडे न बघता पास देतात. लहानपणापासून एकाच मैदानावर वाढलेली, त्यांना बघायची गरजच काय! तुझा पहिला ट्रॅप निसटतो. दुसऱ्यांदा वळताना सपशेल घसरतोस. वही घेऊन बसलेले सर मान वर करत नाहीत. विद्यापीठाकडून खेळला तो कलर होल्डर. तो कलर कोट घालून आलापल्लीच्या चौकात एक चक्कर मारायची होती. राहिलं.

२७ सप्टेंबर २०११. नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालेलं गोंडवाना विद्यापीठ, मुख्यालय गडचिरोली, पदरात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे. चाचणीतून कामठी एका फटक्यात गायब! मला याची गंमत वाटते: पायातलं कसब तेवढंच, सरकारी कागदाने तुझ्या जागेचा दावेदार मात्र दुसऱ्या विद्यापीठात ठेवला. संघात शिरणं सोपं झालं, असं कुणी म्हणालंच तर म्हणू दे. आलापल्लीहून गडचिरोली आजही शंभराच्या वर किलोमीटर आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच्या पोराला घरूनच निघता येत नाही.

आता पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा. मुंबई, पुणे, गोवा, सगळे आलेत. अंगात गोंडवानाची जर्सी, पायात स्टडचे बूट. ड्रॉ लागलाय: समोर नागपूर, त्यांचा राइट विंगर कामठीचा. सामना बाद पद्धतीचा. तू लेफ्ट बॅक. त्याला आत वळू देऊ नकोस, रेषेकडे रेट.